पोलिसांवर दावा? आधी तारीख मोजा

रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून स्कूटर घसरून तुमच्या मांडीचं हाड मोडलं. तासाभरापूर्वी पोलिसांची गस्तीची गाडी तिथून गेल्याचं नंतर कळलं. ऑइलची तक्रार मात्र कोणीच केली नव्हती. पोलीस जबाबदार ठरतील का, असं तुम्ही विचारता. अशी पत्रं मला नेहमी येतात आणि बहुतेक उशिरा येतात. तुमच्या अपघाताला साडेचार महिने झाले. 'भरपाईला तीन वर्षं असतात' हे कोणाच्या तरी तोंडचं ऐकून तुम्ही स्वस्थ बसलात, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 161 पाहा. कर्तव्याच्या नावाखाली झालेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो आणि त्याआधी किमान एक महिन्याची नोटीस लागते. म्हणजे नोटीस पाठवायला तुमच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. पोलिसांनी काही 'न करणं' या कलमात बसतं का, यावर वाद होऊ शकतो, पण तो निकालात निघण्याची वाट पाहू नका. नोटीस संबंधित पोलिसालाच द्यायची असते आणि त्याचं नाव तुमच्याकडे नाही. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस लागतात, तेवढी सवड नाही. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण लिहून 'त्या रात्री गस्तीवर असलेले अधिकारी' असा उल्लेख करून ठाण्याच्या प्रभारींमार्फत नोटीस पाठवा. माहितीचा अर्जही आजच टाका: गस्तीची नोंद, स्टेशन डायरी, 112 वरचे कॉल. शासनाला पक्षकार करायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी लागते.

जबाबदारीचं म्हणाल, तर अपघात टाळण्यासाठी शक्य तो प्रयत्न करणं हे पोलीस अधिनियमाच्याच कलम 66 नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. पण गाडी तिथून गेली, एवढ्यावरून त्यांना ऑइल दिसलं असं सिद्ध होत नाही. ते दिसलं आणि तरीही त्यांनी काही केलं नाही, हे दाखवता आलं तरच दाव्यात जीव येईल. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यावरचा दावा मला तुलनेने बरा वाटतो. तो रस्ता मुंबईबाहेरच्या महानगरपालिकेचा असेल तर तिथेही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 नुसार एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत आहे. तेव्हा दोन्ही नोटिसा एकाच दिवशी पाठवा आणि पोच जपून ठेवा.