पान रिलोड न होता वेबसाइटवरचा फॉर्म पाठवायला प्लगिन (आयतं जोडायचं सॉफ्टवेअर) लागतंच का?

नाही. जावास्क्रिप्टमध्ये फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर (फॉर्म पाठवला जातो तो क्षण) प्रिव्हेंटडिफॉल्ट ही ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारी आज्ञा लावा, म्हणजे ब्राउझर पान बदलणार नाही. मग फॉर्मडेटा (भरलेली माहिती) गोळा करून ब्राउझरच्या फेच या सोयीने सर्व्हरला पाठवा. दहा-पंधरा ओळींचं काम. हीच ती अजॅक्सची, म्हणजे पान न बदलता सर्व्हरशी देवाणघेवाण करायची युक्ती (नाव २००५ सालचं, मूळ सोय मात्र १९९९च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधली).

खरी गोम पुढे आहे. सर्व्हरने ४०४ (पत्ता सापडला नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) हा कोड पाठवला तरी फेच एरर देत नाही. म्हणून रिस्पॉन्सचं ओके (सर्व्हरचं उत्तर यशस्वी आहे का) तपासा, नाहीतर मजकूर पोचलेलाच नाही आणि पडद्यावर ‘धन्यवाद’! बटण लगेच डिसेबल करा. नेट रखडलं की लोक चारदा दाबतात. फॉर्ममधला अ‍ॅक्शनचा पत्ता (फॉर्म जिथे पाठवायचा तो) काढू नका, जावास्क्रिप्ट चाललीच नाही तर तोच कामाला येतो.