आधी तो कूलर काढा

नमस्कार ताई,
मी 51 वर्षांची आहे, बेसा भागात फ्लॅटमध्ये राहते. एकुलता एक मुलगा जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेला. तेव्हापासून मन कशातच लागत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही, उगाच डोळे भरून येतात. मोबाइलवर ध्यानाचं ॲप घेतलं, रोज तीन चांगल्या गोष्टी डायरीत लिहिल्या, विनोदी व्हिडिओ पाहिले, सीताबर्डीवरून दोन साड्या आणल्या, सुगंधी मेणबत्त्याही लावून पाहिल्या. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. हे फार समजूतदार आहेत, मला कधी काही बोलत नाहीत. दिवाळीला मुलगा तीन दिवस आला होता, पण त्याचा सगळा वेळ मित्रांमध्ये गेला. घर खायला उठतं. बेडरूमच्या खिडकीतला कूलरही अजून तसाच आहे, काढायला कोणी नाही, त्यामुळे दिवसाही लाइट लावावा लागतो. समोरच्या फ्लॅटमध्ये कॉलेजची तीन मुलं राहतात, त्यांच्या गोंगाटाने अजूनच चिडचिड होते. मूड चांगला व्हावा म्हणून आणखी काय करता येईल? दहा-बारा उपाय लिहाल का?
एक वाचक, नागपूर

दहा-बारा उपाय मी लिहिणार नाही. तुम्ही कूलरबद्दल एक ओळ लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडले. डिसेंबर लागला. सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही, बाजारात आंबिया बहाराची संत्री आली, आणि तुमच्या बेडरूमच्या खिडकीत कूलर आहे. येत्या रविवारी तो काढा. तोवर नवं ॲप नको, नवी साडी नको, नवी डायरी नको.

कूलर काय चीज आहे हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. होळी झाली की तो गॅलरीतल्या स्टँडवर चढतो. गवताच्या नव्या ताट्या बसतात, पंप धुऊन लागतो, आणि झळ आत येऊ नये म्हणून खिडकीच्या उरलेल्या फटी आपण पुठ्ठ्याने, थर्माकोलने, जुन्या चादरीने बुजवतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दुपारची ती अंधारी, वाळ्याच्या वासाची खोलीच आपल्याला जगवते. मग पाऊस येतो, आणि फार तर दिवाळीच्या साफसफाईत कूलर खाली उतरतो. तुमच्याकडे तो उतरला नाही. उन्हाळ्यासाठी केलेल्या अंधारात तुम्ही सगळा पावसाळा काढलात आणि आता हिवाळाही काढताय. त्या खोलीत सकाळी उठावंसं वाटत नाही, असं तुम्ही लिहिता. कसं वाटेल? त्या खोलीत सकाळ होतच नाही.

मी हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. आपल्या डोळ्यांत दिसण्याच्या कामापलीकडच्या काही पेशी असतात. उजेड किती आहे एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. 2002 साली त्यांचा शोध लागला. त्या घड्याळावर झोप, भूक आणि अंगातली तरतरी चालते. उजेड लक्समध्ये मोजतात. एका ट्यूबलाइटच्या खोलीत तो शे-दोनशे लक्स असतो, दिवसा बाहेर सावलीतसुद्धा काही हजार, आणि भर उन्हात लाखाच्या घरात. दिवसभर ट्यूबखाली बसलं तर डोळ्यांना भरपूर उजेड आहे असं वाटतं, पण मेंदूच्या हिशेबात तो दिवस उगवलेलाच नसतो. थंड देशांत हिवाळ्यात माणसं उदास होतात, या आजाराचं रीतसर वर्णन अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली केलं. तिथे सूर्यच दिसत नाही, म्हणून ते लोक हजारो लक्सच्या दिव्यांसमोर बसतात. नागपुरात वर्षातला सर्वांत छोटा दिवसही साडेदहा तासांहून मोठा असतो. इतकं फुकटचं ऊन दाराशी असताना तुम्ही पुठ्ठ्याआड बसून आहात, याचा मला खरंच त्रास झाला.

तुमचे उपाय वाईट नव्हते. डायरीत चांगल्या गोष्टी लिहिण्याचा, ध्यानाचा लोकांना फायदा होतो. पण ते तुम्ही कुठे आणि कसे केलेत ते बघा. ध्यान त्याच खोलीत, व्हिडिओ त्याच पलंगावर, मेणबत्ती त्याच खिडकीखाली. खरेदीलासुद्धा एकट्याच गेलात. सहा महिन्यांत केलेल्या एकाही गोष्टीत दुसरं माणूस नाही.

आता त्या ओळीतल्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. कूलर काढायला कोणी नाही, असं तुम्ही लिहिलंत. घरात नवरा आहे. समोरच्या दारात कॉलेजची तीन तरुण पोरं आहेत, आणि फ्लॅट आहे म्हणजे बहुधा खाली चौकीदारही असेल. मग कोणी नाही असं का वाटतं? दरवर्षी कूलर कोण काढायचं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला खात्री आहे की मुलगा काढायचा. दिवाळीत तो तीन दिवस घरी होता. बेडरूममध्ये गेला असेल, दिवसा लाइट लागलेला त्याने पाहिला असेल. तुम्ही त्याला सांगितलं नाही. त्याच्या लक्षात येतं का, याची वाट पाहिलीत. त्याच्या लक्षात आलं नाही. तो गेला, आणि कूलर तिथेच राहिला.

बाई माझे, हे मी समजू शकते. लेक घराबाहेर पडल्यावर आईला हेच बघायचं असतं की त्याला या घराचं अजून काही वाटतं का. पण ही परीक्षा तुम्ही त्याला न सांगता घेतलीत. पंचविशीच्या आसपासचा पोरगा, तीन दिवसांच्या सुट्टीत मित्र भेटले की त्याला कूलर दिसत नाही. यात तुमच्याबद्दलची माया कमी झाली असं काही नाही. त्याला फक्त कूलर दिसला नाही. तुम्ही मात्र त्या दिवसापासून तो नापास झाल्याचा निकाल खिडकीत लावून ठेवला आहे आणि रोज त्याच्यासमोर झोपताय.

तीच परीक्षा तुम्ही यजमानांचीही घेताय. ते समजूतदार आहेत, कधी काही बोलत नाहीत, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला त्यात कौतुकाचं काही दिसलं नाही. बायको सहा महिने रडतेय आणि माणूस काही बोलत नाही, तर त्याला बोलतं करावं लागतं. ते घाबरले असतील, काय बोलावं हे सुचत नसेल. तुम्ही दुःखी आहात हे त्यांना दिसतंय, पण तुम्हाला त्यांच्याकडून काय हवंय हे तुम्ही एकदाही सांगितलेलं नाही. आडून सुचवू नका. ‘किती अंधार आहे ना या खोलीत’ असं म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघू नका. सरळ सांगा: रविवारी सकाळी आठ वाजता मला तुमचे दोन हात पाहिजेत, कूलर उतरवायचा आहे.

लोखंडी कूलर दोघांना पेलत नाही, निदान तुमच्या-आमच्या वयाच्या दोघांना तरी नाही. तिसरा माणूस समोरच्या दारातून आणायचा. शनिवारी संध्याकाळी बेल वाजवा आणि त्या पोरांना म्हणा, उद्या सकाळी दहा मिनिटं मदत लागेल, नंतर माझ्याकडे पोहे. ती पोरंही कुणाची तरी घर सोडून आलेली आहेत. तुमचा मुलगा पुण्यात ज्या फ्लॅटमध्ये राहतो, तिथेही शेजारच्या एखाद्या बाईला त्यांच्या गोंगाटाचा त्रास होत असेल. पोहे साधे करू नका, चण्याची तर्री करा, वरून चिवडा आणि कच्चा कांदा. शनिवारी रात्री चणे भिजत घातले की रविवारी अंथरुणात पडून राहायची सोय राहत नाही.

काम कसं करायचं तेही सांगते, म्हणजे अडायला जागा उरणार नाही. आधी प्लग काढा. नाकातोंडाला ओढणी बांधा, कारण मागच्या बाजूला कबुतरांनी सहा महिने काड्या आणि घाण आणून टाकली असणार आणि ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही. टाकीत उन्हाळ्याचं किंवा पावसाचं पाणी उरलं असेल तर खालचं बूच काढून ते आधी सोडा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. तिन्ही ताट्या काढा. खारं पाणी वाळून त्यांचं गवत पांढरं, कडक झालेलं असेल, ते फेकून द्या. पत्र्याच्या कडा हाताला कापतात, म्हणून धरताना फडकं घ्या. मग एकाने पुढून, दोघांनी मागून धरून खाली. पुठ्ठा आणि थर्माकोलही त्याच वेळी ओढून काढा, दुपारवर ठेवू नका. काचा ओल्या कागदाने पुसा.

पंप मात्र बाजूला ठेवा. तो कसा साफ करायचा, कशात गुंडाळून कुठे ठेवायचा, हे तुमच्या मुलाला माहीत असणार. त्याच दिवशी फोन करून त्याला विचारा. आणि फोन केलाच आहे तर हेही सांगा, की दिवाळीत तू कूलर काढशील असं मला वाटत होतं, मी बोलले नाही, पण वाईट वाटलं होतं. एवढंच सांगा आणि थांबा. मागचं काही उगाळू नका, रडवू नका. तो काय म्हणतो ते ऐका.

तुम्ही म्हणाल, मूडच नाही तर एवढी उठाठेव कशी करू? आधी मन बरं होईल, मग मी उठेन, असं प्रत्येक उदास माणसाला वाटतं. बरं होणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा आधी हात हलतात आणि मन मागून येतं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये हेच तपासलं. तीव्र नैराश्य असलेली 495 माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्यासोबत सहा ते आठ भेटी दिल्या, त्याही डॉक्टरांच्या नव्हेत, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांच्या. त्या भेटींत मुख्य काम एकच होतं: थांबलेल्या कामांपैकी एखादं छोटं काम ठरवायचं, दिवस-वेळ ठरवायची, आणि मन असो-नसो ते करायचं. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निकाल छापून आला. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. म्हणून मी तुम्हाला वार सांगितला, वेळ सांगितली आणि सोबत कोण लागेल तेही सांगितलं.

सोमवारपासून सकाळचा चहा गॅलरीत घ्यायचा, त्या रिकाम्या स्टँडशेजारी, अर्धा तास, मोबाइल आत ठेवून. काचेआड बसलात तरी डोळ्यांना उजेड मिळेल, पण अंगाला ड जीवनसत्त्व काचेतून मिळत नाही, म्हणून बाहेरच बसा. यजमानांचाही कप तिथेच ठेवा. ते पेपर वाचत बसले तरी चालेल.

आणि एक गोष्ट फार गंभीरपणे सांगते. सहा महिने हा थोडाथोडका काळ नाही. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ असं वाटत असेल तरी डॉक्टरांकडे जायला पुरेसं असतं. तुमचं वय पाळी जाण्याचं आहे, त्यातही मन असं खाली जातं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 या तपासण्या याच आठवड्यात करून घ्या. शिवाय मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाच्या मानसोपचार ओपीडीत एकदा दाखवून या. गोळ्या लागल्या तर घ्या, त्यात काही कमीपणा नाही. जगणं नकोसं झालं आहे असा विचार मनात आला तर रविवारची वाट पाहू नका, त्याच क्षणी 14416 वर फोन करा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, रात्रीबेरात्री चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ओपीडीतही एकट्या जाऊ नका. यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकायला सांगा.