वाळूवरचा तपकिरी थर: आधी ओळखा, मग उपाय

प्रश्न: नमस्कार दादा, माझा २०० लिटरचा सॉल्टवॉटर टँक आहे, सात-आठ महिने झाले असतील. हल्ली वाळूवर आणि दगडांवर तपकिरी चिकट थर येतोय, शेंबडासारख्या तारा लोंबतात आणि त्यात बुडबुडे अडकलेले असतात. सकाळी लाइट लावायच्या आधी जवळपास काहीच नसतं, दुपारपर्यंत परत जैसे थे. दुकानात म्हणाले सायनो (थर धरणारे सायनोबॅक्टेरिया) आहे, पाणी बदलत राहा, म्हणून दर आठवड्याला बदलतेय, फॉस्फेट रिमूव्हरही लावलंय, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य येतात तरी वाढतंच आहे आणि आता गोगलगाई पण मरायला लागल्यात. टॉप-अपला, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी, घरच्या आरओचं पाणी टाकते, ते चालतं ना?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे पाणी बदलणं थांबवा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हे सायनो वाटत नाही, डायनो वाटतंय, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी सूक्ष्मजीव. सायनो बहुतेक वेळा लालसर-जांभळट असतो आणि पाइप लावला की सालीसारखा अख्खा तुकडा निघून येतो. रात्री विरणं, तारा, बुडबुडे, शून्य नायट्रेट-फॉस्फेट आणि त्यात गोगलगाई मरणं, हे सगळं एकत्र आलं की माझा संशय डायनोवरच जातो.

तरी खात्री करा, घरीच होते. पाइपने थोडा थर एका पारदर्शक बाटलीत ओढा, झाकण लावून जोरात हलवा, सगळं मिसळून पाणी गढूळ झालं की टिश्यू पेपरमधून स्वच्छ ग्लासात गाळा आणि ग्लास तासभर लाइटखाली ठेवा. गाळलेल्या पाण्यात परत तपकिरी तारा जुळून आल्या तर डायनोच. ओळखीत कुणी झूऑलॉजीला असेल तर एक थेंब ४०० पटीच्या मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, कारण पुढचा उपाय जातीवर आहे. थेंबाच्या आकाराचे जीव जागच्या जागी गिरक्या घेताना दिसले तर ऑस्ट्रिऑप्सिस, ते रात्री पाण्यात सुटतात म्हणून यूव्ही (पाणी ज्यातून फिरवतात तो अतिनील दिवा) चांगला लागू पडतो. अँफिडिनियम मात्र वाळू सोडत नाही, तिथे यूव्हीचा खर्च वायाच जातो.

आता मुख्य गोष्ट. पाणी जास्तच स्वच्छ झालं की डायनोशी जागेसाठी भांडणारे बाकीचे सूक्ष्मजीव उपाशी मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. म्हणून फॉस्फेट रिमूव्हर काढा, माशांना थोडं जास्त खायला द्या, नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास हळूहळू आणा, लागलं तर दोन्ही डोस करा. थर रोज ओढून काढा पण पाणी बारीक फिल्टर सॉकमधून गाळून तेच परत टाका. डायनो पाण्यात सोडतो ते विष शोषायला फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. तीन दिवस लाइट पूर्ण बंद ठेवून टँक झाकला तरी जोर बराच कमी होतो, पण पोषण वाढवलं नाही तर परत येणार हे नक्की. हात घालताना ग्लोव्हज घाला आणि वैतागून दगड उकळायला तर अजिबात जाऊ नका, दगडावर झोअँथिड (कोरलसारखे मऊ जीव) असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेतून छातीत जाऊ शकतं, लोक त्याने हॉस्पिटलात गेलेत.

आरओचं म्हणाल तर घरच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असो, रीफसाठी, म्हणजे कोरलच्या टँकसाठी, टीडीएस मीटरवर ० हवा, म्हणजे आरओनंतर डीआयचा (उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनचा) टप्पा लागतोच. बोअरचं पाणी असेल तर जास्तच जपा, आपल्याकडच्या काळ्या बसाल्टातून सिलिका उतरते आणि डायटम या सूक्ष्म शैवालाला तेच हवं असतं. डायटमचा थर तपकिरी भुकटीसारखा असतो, बोटाने सहज पुसला जातो, नव्या टँकमध्ये येतो आणि बहुतेकदा आपोआप जातो, त्याला घाबरायचं कारण नाही.

प्रश्न: दगडावर हिरवे गोल चकचकीत फुगे आलेत, फोडून टाकू का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: फोडू नका हो. हे व्हॅलोनिया नावाचं शेवाळ, एकेक फुगा म्हणजे एकच पेशी, आणि फुटला तर आतले बीजाणू टँकभर पसरायची भीती असते. दगड बाहेर काढता येत असेल तर बादलीत धरून फुगा मुळापासून अख्खा उचकटा, नाहीतर पाइपचं तोंड अगदी जवळ धरून काढा. एमराल्ड क्रॅब हे खातो, मात्र भूक लागली तर तो कोरललाही सोडत नाही, तेव्हा छोट्या टँकमध्ये एकच पुरे.