तोही मागोमाग बाहेर आला

"लग्नाला चार वर्षं झाली. दोघांचीच अशी ही पहिली सहल होती आणि मी ती नासवली," असं सांगलीची एक मैत्रीण लिहिते. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं. नवऱ्याने आठ महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कची तिकिटं काढली. कुठली राईड किती वाजता, हे कागदावर लिहून नेलं होतं. सकाळ छान गेली. दुपारी नायट्रो या रोलर कोस्टरच्या रांगेत सव्वा तास उभं राहून अगदी तोंडाशी पोचल्यावर हिचे हातपाय गार पडले आणि ती बाजूच्या वाटेने निघाली. तोही मागोमाग बाहेर आला. "अर्धं तिकीट पाण्यात गेलं," एवढं बोलला आणि संध्याकाळपर्यंत गप्प. आता पाहुण्यांसमोर हा किस्सा तो रंगवून सांगतो, सगळे हसतात. पुतण्या 'भागूबाई काकू' म्हणायला लागलाय. ती विचारते: चूक माझीच ना? पुढच्या वेळी डोळे मिटून बसून टाकू का?

अगं, घाबरलीस यात तुझी काहीही चूक नाही. आणि डोळे मिटून मुळीच बसू नकोस.

नायट्रो म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे. जवळपास 40 मीटर उंची आणि वाटेत 5 वेळा डोकं खाली, पाय वर. त्या गाडीला तळच नाही. आपण बसलो की पायाखालची फळी बाजूला होते आणि पाय लोंबकळत राहतात. पायाखालची जमीन सरकणं आपण बोलताना सहज म्हणतो, इथे ती खरोखर सरकते. वरून खाली येताना बैठकीचा आधार सुटल्यासारखा होतो, कानाच्या आत तोल सांभाळणारी जी जागा आहे ती 'पडतोय, पडतोय' असं कळवते आणि पोटात गोळा येतो. छाती मजा घेणाऱ्याचीही धडधडते आणि घाबरणाऱ्याचीही. पण एक आपणहून बसलेला असतो आणि दुसऱ्याला बसवलेलं असतं, म्हणून एकाला तीच धडधड हवीशी वाटते आणि दुसऱ्याचा जीव जातो. ऐनवेळी मन फिरणारी माणसं रोज येतात, म्हणून तर अशा राईडच्या तोंडाशी बाहेर पडायची वाट ठेवलेली असते. तू त्या वाटेने गेलीस, बस.

मात्र एक गोष्ट तुझ्या पदरात घालते. मिरजेच्या उरुसात लहानपणापासून तू पाळण्यात बसलेली नाहीस, हे तूच लिहिलंयस. मग तो कागद आठवडाभर घरात होता तेव्हा, किंवा निदान रांगेत शिरताना, "मी यात नाही बसणार, तू बसून ये, मी खाली थांबते," हे का नाही सांगितलंस? त्याचा हिरमोड होईल म्हणून, मला ठाऊक आहे. पण मनातली भीती मनातच ठेवून तू त्याच्याबरोबर सव्वा तास उभी राहिलीस आणि त्याला ती कळली शेवटच्या मिनिटाला. त्याच्या गप्प बसण्यात राग असेल, तसा थोडा गोंधळही असेल.

त्याचं 'वसूल' करणं मी समजू शकते. आठ महिने साठवलेल्या पैशांची सहल. असा माणूस प्रत्येक राईड म्हणजे एकेक नोट मोजतो. मोठ्या पार्कात हा हिशोब नेहमीच फसतो, कारण दुपारी रांगा वाढतात आणि दिवसातले बरेच तास उभं राहण्यातच जातात. सुट्टीचा वार टाळून गेलं, दार उघडताच आत शिरून गर्दीची राईड आधी उरकली, तर जरा बरं पडतं. आणि बायको बाकावर बसलीय, नवरा एकटा नायट्रोत बसून आलाय, यात कुणाचंच काही बिघडत नाही. पुढे कधी गेलात तर 'आय फॉर इंडिया' करा दोघं, देशातली ठिकाणं वरून दाखवतात त्यात. तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही, राहिलीच असणार.

आता जे मला खरंच खुपलं ते. घरातलं हसणं.

1994 साली आम्ही दोघं मार्वेहून बोटीने एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. एका मोठ्या पाळण्यात बसायला ह्यांनी ठाम नकार दिला. मी एकटी बसून आले आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तो प्रसंग नकला करून सांगत राहिले. मग एकदा बहिणीकडच्या मुंजीत, पंगतीत मी तेच सुरू केलं आणि हे ताट तसंच टाकून उठले. रात्री म्हणाले, "तुझ्या माहेरच्यांसमोर तरी नको सांगत जाऊस." तोवर मला वाटत होतं की तेही आमच्याबरोबर हसतात. त्यांचा तो आवाज मला अजून आठवतो, आणि इतकी वर्षं मला कळलं कसं नाही याचं वाईट अजून वाटतं. म्हणून सांगते, तुझ्या नवऱ्याला कदाचित खरंच माहीत नाही. तू त्या हसण्यात सामील होतेस असं लिहिलंयस ना? मग त्याला कसं कळणार?

तेव्हा आधी ते खोटं हसणं थांबव. चारचौघांत भांडू नकोस, सासूबाईंकरवी निरोप नको, जावेकडे रडगाणं नको. गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरेल आणि किस्सा पुन्हा निघेल. त्याच्या आधी एखाद्या रात्री त्याला गच्चीवर घेऊन जा आणि सरळ सांग, "तो किस्सा निघाला की मला लाज वाटते. नको सांगूस." पुतण्याला तूच जवळ घेऊन सांगू शकतेस, मुलं ऐकतात.

आणि गच्चीवर असताना अजून एक विचार. तुझ्या चार पानी पत्रात 'तोही मागोमाग बाहेर आला' एवढं एकच वाक्य आहे त्याबद्दल. मी तिथे अडखळले. सव्वा तास तोही उभा होता. त्याच्या कागदावर नायट्रोला दोन रेघा मारलेल्या होत्या, हेही तूच लिहिलंयस. पुढच्या गाडीत त्याचा नंबर होता, बसून दोन-तीन मिनिटांत परत आला असता. तरी तो बसला नाही. ते रागाने असेल, तुझ्या काळजीने असेल, किंवा तुझ्याशिवाय बसण्यात त्याला काही गोडी वाटली नसेल. मला सांगता येणार नाही, आणि तुलाही आज माहीत नाही. सकाळी राजासोरसच्या बोटीत दोघं चिंब भिजून वेड्यासारखे हसलात, ते तू दोन ओळींत उरकलंस. (राजासोरस हा नर्मदेच्या खोऱ्यात खरोखर सापडलेला डायनासोर, तुझ्या पुतण्याला सांग, खूश होईल.) म्हणजे दिवस अख्खा नासला नव्हता.

तेव्हा विचार त्याला, "तू का रे बसला नाहीस?" विचारून झालं की गप्प राहा. त्याने वेळ घेतला तरी मध्ये बोलू नकोस.