मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर डेटा अॅनालिस्टचे काम नेमके काय असते?

संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून बेळगाव परिसरातच राहायचे असेल तर रस्ते-पुलांच्या मोठ्या कामांवर डेटा अॅनालिस्ट म्हणून शिरता येईल का, त्यासाठी सिव्हिलची पदवी लागते का आणि कन्नड न येण्यामुळे अडते का, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील रस्त्यांच्या कामांवर कंत्राटदाराच्या बाजूने हेच काम करते, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूचे आहे.

सिव्हिलची पदवी लागत नाही, मात्र मोजमाप कळावे लागते आणि ते कार्यालयात बसून कळत नाही. खडीचा पुरवठादार ब्रासमध्ये बोलतो, वजनकाट्याची पावती टनात येते आणि बिल घनमीटरमध्ये निघते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, एवढे गणित सोपे आहे. पण टनाचे घनमीटर करताना खडी कोणत्या आकाराची आहे आणि माल ओला आहे की कोरडा, हे विचारावेच लागते. भरावाच्या मातीचे प्रकरण याहून नाजूक असते, कारण टिप्परमधली माती सैल असते आणि बिल रोलर फिरून दाबल्या गेलेल्या थराचे होते. म्हणून टिप्परच्या फेऱ्यांना त्याच्या क्षमतेने गुणून आलेला आकडा आणि मोजमाप पुस्तकातील (ज्यात प्रत्यक्ष मोजलेले काम बिलासाठी नोंदवतात) आकडा कधीच सारखे नसतात. ते सारखे दिसले, तर एक दुसऱ्यावरून उतरवला असावा अशी शंका मला येते.

जमिनीच्या नोंदींत आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहितात आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. म्हणजे ३-२० म्हणजे साडेतीन एकर. ते कोणी एक्सेलमध्ये ३.२० असे भरले की बेरीज कमी येते, आणि ३-२० असेच भरले तर एक्सेल ती तारीख समजते. १२/२ सारख्या सर्व्हे नंबराचेही तेच होते. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवावा आणि एकर व गुंठे वेगवेगळ्या रकान्यांत घ्यावेत.

माझा सर्वाधिक वेळ मात्र सामग्रीचा मेळ घालण्यात जातो, आणि या नोकरीचे खरे मोल तिथेच आहे असे माझे मत आहे. काँक्रीटचे उदाहरण घ्या. आराखड्यावरून निघणारे घनफळ, बॅचिंग प्लांटच्या, म्हणजे काँक्रीट मिसळणाऱ्या यंत्रणेच्या, छापील नोंदी आणि भांडारातील सिमेंटचा साठा, या तिन्ही नोंदी वेगवेगळी माणसे ठेवतात. मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या घटकांच्या ठरवलेल्या प्रमाणात, घनमीटरला ३८० किलो सिमेंट धरले असेल, तर १०० घनमीटरला ३८ टन लागायला हवे. भांडारातून त्याहून बरेच अधिक गेले असेल, तर ते कुठे मुरले हे शोधावे लागते. पण हा शोध चोरीच्या संशयाने सुरू करू नये. पुलाच्या पाइलमध्ये, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतलेल्या पायाच्या खांबात, भोकाच्या कडा ढासळतात आणि हिशेबापेक्षा जास्त काँक्रीट आत जाते, तर स्लॅबमध्ये साचा पक्का असल्याने तेवढी तफावत येण्याचे कारण नसते. म्हणून पाइल आणि स्लॅब एकाच सरासरीत कधीही मिसळू नयेत. क्यूबच्या, म्हणजे काँक्रीटचे नमुना ठोकळे दाबून पाहण्याच्या, चाचण्यांतही संख्याशास्त्र उपयोगी पडते: २८ दिवसांचे निकाल पास झाले एवढ्यावर न थांबता त्यांचे प्रमाण विचलन वाढत चालले आहे का, हे पाहिले की प्लांटमधील गडबड एखादा क्यूब नापास होण्याआधीच लक्षात येते.

प्रगतीच्या आलेखाबद्दल मी थोडी अश्रद्ध आहे. खर्चाच्या टक्केवारीवर काढलेला एस-कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार एकूण प्रगती दाखवणारा आलेख, वरिष्ठांना आवडतो, पण महागडी कामे आधी उरकली की तो वर चढतो आणि तिकडे एका न सुटलेल्या सर्व्हे नंबरामुळे किंवा न हललेल्या विजेच्या खांबामुळे रस्ता मधेच तुटलेला असतो. कोणत्या चेनेजपासून (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरापासून) कोणत्या चेनेजपर्यंत सलग काम करता येण्याजोगी जागा हातात आहे, हा तक्ता मला अधिक खरा वाटतो.

पावसाचा हिशेब इथे वेगळा ठेवावा लागतो. याच जिल्ह्यात कणकुंबीकडचा घाटमाथा पावसाळ्यात मातीकाम जवळपास होऊ देत नाही, आणि अथणीकडे पावसाची वाट पाहावी लागते. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी मुदतवाढीच्या मागणीत काहीच सिद्ध करत नाही. राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीपर्यंत आहेत. कामाच्या जवळच्या मापकाच्या रोजच्या नोंदी घेऊन त्या दिवशी कोणते काम ठरले होते आणि त्याचा एकूण मुदतीवर परिणाम होत होता का, हे दाखवावे लागते.

साधनांविषयी थोडक्यात: एक्सेल आणि त्यातील डेटा साफ करणारी पॉवर क्वेरी पक्के हवे, डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा एसक्यूएल जुजबी चालते, आलेख-अहवाल बनवणारे पॉवर बीआय महिन्याभरात जमते आणि प्रिमावेरा या प्रकल्प-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधील वेळापत्रक निदान वाचता यावे.

कन्नडचे म्हणाल तर बोलण्यात अडत नाही. मुकादमाशी मराठीत आणि परप्रांतीय मजुरांशी हिंदीत काम भागते. परंतु जमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्येच असतो आणि भूसंपादनाच्या नोटिसाही कन्नडमध्ये येतात, म्हणून निदान लिपी वाचायला शिकावी. एकाच खातेदाराचे आडनाव उताऱ्यावर कन्नडमध्ये एका तऱ्हेने, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले सापडते. भरपाईची यादी तपासताना नावावरून जुळवणी करू नये. गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा धरून करावी, आणि तरीही जुळले नाही तर ती नोंद स्वतः न सुधारता तलाठ्याकडे पाठवावी.