मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा, पण गरज पडली की त्यांना एकत्र बांधणारा गिअरचा संच) असेल तर ईएससी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) त्याच्या आड येते का? बटण कधी बंद करावं?

तुमची गाडी फोर बाय फोर, रोजचा रस्ता घोडबंदर आणि गायमुखचा चढ, सुट्टीच्या दिवशी मुरबाडकडचा चिखल. तुमच्यासाठी उत्तर असं: डांबरावर ती दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, चिखलात येतात.

गाडी ताब्यात ठेवायला ईएससीकडे दोनच उपाय असतात, इंजिनची ताकद कमी करणं आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावणं. मागची बाजू बाहेर जायला लागली की ती वळणाबाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते. स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात असेल तर आतल्या मागच्या चाकाला. गोची इथे आहे. मागची दोन चाकं एकमेकांना घट्ट बांधलेली असतील तर आतल्या चाकाचा ब्रेक एक्सलमधून बाहेरच्या चाकालाही लागतो आणि गाडी वळवणारा जोर मरतो. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर डिफरन्शियल मोकळं होतं की नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. बाजारातून घेतलेलं टू-वे क्लचप्लेटचं युनिट तेव्हाही धरून ठेवतं. ईएससी असलेल्या रस्त्यावरच्या गाडीत ते बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेलिकल (तिरक्या दातांच्या) गिअरवालं डिफरन्शियल मात्र ईएससीशी छान जुळतं, कारण ताकद कमी झाली की ते सैल पडतं. त्याचं एक चाक हवेत गेलं तर दुसऱ्याला जवळपास काहीच मिळत नाही. तिथे ब्रेकच मदतीला येतो: दोन चाकांना मिळणाऱ्या जोराचं गुणोत्तर 2.5 असेल आणि हवेतल्या चाकाला ब्रेकने 100 न्यूटन-मीटरचा अडथळा दिला, तर जमिनीवरच्या चाकाला 250 पर्यंत मिळतात.

तुमचं मेकॅनिकल लॉकिंग युनिट वेगळं. दोन चाकांच्या वेगात साधारण 100 आरपीएमचा फरक पडला की ते पूर्ण लॉक होतं, आणि ताशी 30 किलोमीटरच्या आसपासच्या वेगापुढे लॉक होतच नाही. त्यामुळे घाटात ईएससीला चारही चाकं मोकळी मिळतात. ती बंद करायचं तिथे काहीच कारण नाही, भर पावसात तर मुळीच नाही.

चिखलात उलटं होतं. चाक फिरायला लागताच ईएससीचा ब्रेक त्याला धरतो, 100 आरपीएमचा फरक पडतच नाही, लॉक लागत नाही आणि गाडी जागीच कण्हत राहते. तेव्हा फोर-लो (फोर बाय फोरची कमी वेगाची, जास्त जोराची रेंज), पहिला गिअर, आणि ईएससीचं बटण काही सेकंद दाबून धरा. बऱ्याच गाड्यांत नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर अर्धंच काम बंद होतं, मॅन्युअल बघा. मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवत चाक फिरू द्या. खट् असा धक्का जाणवला की पाय तसाच स्थिर ठेवा. एकदम पूर्ण दाबलात तर लॉक जोरात बसतो आणि तो तडाखा एक्सल शाफ्ट खातो. डांबर लागलं की बटण परत चालू.

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे ठेवा. अलाइनमेंट केल्यावर स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर सेट करून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावरही ईएससी उगाच ब्रेक लावू शकते. आणि मागचं एकच चाक जॅकवर उचलून गाडी कधीही गिअरमध्ये चालवू नका. लॉक लागला तर जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून पुढे ढकलेल.