उद्यमनगरातली जुनी फाउंड्री घेताना

भावा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या फाउंड्रीच्या जागेवर इमारत बांधायची म्हणतोस, तर माती-पाणी दूषित आहे का हे तपासायला बोअर मारायच्या आधी शेजारच्या म्हाताऱ्या मोल्डरबरोबर, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्याबरोबर, चहा घे. भट्टी कुठं होती, काळी वाळू कुठं टाकायचे, प्लेटिंगचे, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचे हौद होते का, हे त्यालाच ठाऊक असतं. नकाशावर ते सापडत नाही.

नुसती वाळू असली तर वाळू बांधणाऱ्या रेझिनमधलं फिनॉल आणि धातू तपास. क्रोम प्लेटिंग झालं असेल तर मात्र जिवाला घोर लागू दे. त्यातलं विषारी षट्संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर खाली उतरतं, विहिरी गाठतं. एका जागेवर मुरूम टाकून वर सगळं लख्ख केलेलं. आम्ही खड्डा घेतला, तर खाली पिवळंधमक पाणी झिरपत होतं. तेव्हापासून भर ओलांडून मूळ मातीपर्यंत गेल्याशिवाय मी थांबत नाही. थरागणिक वेगळा नमुना घे. तेलाचा वास आला तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बर्फात ठेव. बोअरचं पाणी मेमध्ये आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा बघ.

दूषित जागांबद्दल केंद्राचे २०२५ चे नियम आलेत, तेही वाच. ठेकेदार म्हणेल, "माती भरावाला चालती." पंचगंगेकाठी एक डंपरही जाऊ देऊ नकोस. घातक निघालेली माती अधिकृत केंद्रातच पाठवायची. तो खर्च व्यवहाराआधीच धर.